धुतलेली वाळू

मी कॉलेजातून घरी आले तेव्हा सासूबाई अंगणात, आडाशेजारी पाटावर बसून वाळू धूत होत्या. पदर कमरेला खोचलेला, पुढ्यात सणासुदीलाच निघणारी मोठी परात, आणि परातीत मुंबईहून आलेली माझी वाळू. तांदूळ धुवावेत तशी ती हाताने खालवर करायच्या, दुधासारखं पाणी निथळून टाकायच्या आणि पुन्हा कळशीतलं ताजं पाणी घालायच्या.

"आलीस व्हय?" त्या म्हणाल्या. "बघ कशी झालीया. तुझ्या मुंबईवाल्यानं नुसती घाणेरडी पाठवली हुती. वास तर असला! किती पाणी ओतलं तवा कुठं निवळली."

आणि त्या हसल्या. माझ्याकडे बघून, मनापासून.

मी पायातल्या चपला काढायला विसरले. त्या घरात येऊन मला दीड वर्ष झालं होतं आणि हे हसू मी पहिल्यांदा बघत होते.

मी मालवणची, कुबलांची. आमच्याकडे शाकाहार म्हणजे सोमवार. सन्मती मगदूम मला पुण्यात शिकताना भेटला, आणि दोन्हीकडची रडारड आटोपल्यावर मी जयसिंगपूरला मगदुमांची सून झाले. घर दिगंबर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवण, कांदा-लसूण-बटाटा दाराबाहेर, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून. गाळताना फडक्यात डोळ्यांना न दिसणारं जे काही अडकलं असेल, तेसुद्धा फडकं उलटं करून पुन्हा त्याच आडात सोडायचं. ज्याचं घर जिथं, त्याला तिथं पोचवायचं. मासे मी लग्नाआधीच सोडले. हसतहसत सोडले असं म्हणणार नाही, पण सोडले.

सासूबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. फक्त माझ्या हातचं त्या खात नव्हत्या की पीत नव्हत्या. व्रतस्थ बाई. स्वयंपाकघराचा उंबरा मी ओलांडायचे तो ताट-वाट्या घ्यायला. एकदा न विचारता मी पिण्याची कळशी भरून ठेवली, तर त्यांनी चकार शब्द न काढता ती जास्वंदीला ओतली आणि दुसरी भरली. भांडणारी सासू परवडली, तिच्याशी निदान भांडता तरी येतं. इथे मी सून नव्हते, पाहुणी होते. आणि पाहुणीसारखं वागवलं म्हणून कुणाकडे गाऱ्हाणं घेऊन जायचं? सन्मती साखर कारखान्यात केमिस्ट. गाळपाचा हंगाम सुरू झाला की तो घरी फक्त झोपायला यायचा. त्याच्याशी मी याबद्दल बोलायचे तेव्हा त्याला ऐकता ऐकता झोप लागायची.

टाकीचं खूळ माझंच. मी प्राणिशास्त्र शिकवायचे. वसईचे पास्कल डिमेलो म्हणून एक म्हातारे गृहस्थ ओळखीचे होते. खाऱ्या पाण्यातली प्रवाळं तुकड्यातुकड्यांनी लावून त्यांनी बागेसारखी वाढवली होती. आता गुडघे गेले, म्हणून ते सगळं बंद करून लेकीकडे चालले होते. जिवंत प्रवाळं आणि एक शेवाळ खाणारा मासा, यांना घर हवं होतं. मी घरात विषय काढला.

"मासेखाऊ सून मासे पाळणार," आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे सासरे, निवृत्त हेडमास्तर. "मांजरानं उंदरांची शाळा काढल्यासारखं झालं."

माझ्या आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "खावचे सोडलंस, आता पाळूक लागलंस? अगो, बरी असस मां?"

सासूबाईंनी एकच विचारलं. "न्हाई आणलं तर त्यांचं काय हुईल?"

"मरतील."

"मग आण. पर त्यांना घालाय मेलेलं काय घरात यायचं न्हाई."

मी सांगितलं, प्रवाळं बरीचशी उजेडावर जगतात आणि मासा शेवाळावर. त्यांना ते पटलं. उजेडावर जगणारा प्राणी त्यांना फारच सज्जन वाटला असावा.

खरा घोळ झाला टाकीच्या तळाचा. तळाला काय घालायचं, यावर घरात आठवडाभर खल चालला. सासूबाईंचं मत, काहीच घालू नये. नुसती काच बरी, पुसायला सोपी. मी म्हटलं, खाली नुसती काच असली की माशाला पायाखाली स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं आणि तो बावरतो.

"माशाला पाय कुठले?" आप्पा म्हणाले. मग त्यांनी तोडगा काढला. "कृष्णेची वाळू आणू. ओळखीचा ट्रॅक्टरवाला आहे."

"नदीची वाळू नाही चालत, आप्पा. चुनखडीची लागते. प्रवाळांना चुना हवा असतो. ती वाळू पाण्यात हळूहळू विरघळते आणि पाणी आंबट होऊ देत नाही."

"चुनखडीची म्हंजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे जुन्या प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा."

"म्हंजे मेलेल्यांची हाडंच की गं!"

बरोबरच होतं ते. मी जरा विचार करून म्हटलं, "आई, आमच्या मालवणला पानाला लावायचा चुनासुद्धा शिंपल्या भाजून करायचे."

आप्पांच्या तोंडात त्या वेळी पान होतं. ते चघळायचे थांबले. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी उठून बाहेर जाऊन ते थुंकलं. पण त्यानंतर हाडांचा मुद्दा निघाला नाही. आपोआप मेलेल्यांची, वर्षानुवर्षं पाण्यात झिजलेली, वाळलेली वाळू चालेल असं ठरलं. डिमेलोंकडे वाळलेली वाळू होती. ती मागवली. मी घरात सांगूनही ठेवलं, की ती आली की आधी भरपूर धुवावी लागते, तिच्यात फार धूळ असते.

म्हणजे सासूबाईंनी जे केलं ते माझं ऐकून केलं. पार्सल दुपारी आलं, मी घरी नव्हते, आणि त्या सुनेच्या कामाला आपणहून हात लावायला बसल्या. मी त्यांच्याजवळ खाली बसले. आनंद झाला होता, दुसरं काय!

"तुम्ही कशाला एवढं केलंत, आई? कंबर धरेल."

"धरलीया की. म्हणून तर एकच पिशवी केली. दुसरी ऱ्हायलीया."

तेवढ्यात घरातला फोन वाजला. मी उठून आत गेले. डिमेलो होते.

"पोचला काय माल? ऐक पोरी, सुकी वाळू संपली होती. मग मी माझ्या चालू टाकीतलीच काढून पाठवली. पंधरा वर्षांची जिवंत वाळू आहे. अळ्या, गोगलगायी, तारे, सगळा कुटुंबकबिला हाय तिच्यात. ती धुऊ नको हां. गोडं पाणी लागलं का संपलं. आजच्या आज खाऱ्या पाण्यात सोड, नाहीतर पिशवीत गुदमरतील बिचारे."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला. खिडकीतून अंगण दिसत होतं. सासूबाई परातीतलं शेवटचं पाणी निथळत होत्या.

आप्पा तिथेच खुर्चीवर पेपर वाचत बसलेले. माझा चेहरा बघून त्यांनी पेपर खाली ठेवला. मी त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं.

त्यांनी खिडकीतून अंगणात बघितलं. मग म्हणाले, "तिला सांगू नकोस."

"पण आप्पा..."

"अगं, पायाखाली मुंगी आली तरी ती दिवसभर जप करत बसते. हे कळलं तर अन्न सोडेल. तिची तब्येत तुला ठाऊक आहे. आणि जाणूनबुजून कुठं केलंय तिनं? शास्त्रसुद्धा हेतू बघतं."

"आणि दुसरी पिशवी? ती उद्या धुतील त्या. मला ती आजच टाकीत सोडायला हवी, न धुता."

"ती तिकडूनच धुऊन आलीय म्हणून सांग. नाहीतर मी सांगतो. चाळीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यात, मला एक मारता येणार नाही?"

आप्पांचं म्हणणं मला पटलं. खोटं कशाला बोलू, अगदी पटलं. सासूबाईंची काळजी होतीच, पण त्याहून जास्त मला माझी होती. दीड वर्षांनी बाई माझ्याकडे बघून हसली होती. आता बाहेर जाऊन सांगायचं, की तुमच्या हातून आज जेवढे जीव गेले तेवढे जन्मात गेले नसतील, आणि गेले ते माझ्या टाकीपायी? मग कसलं हसू आणि कसलं काय. मालवणची मासेखाऊ आली आणि घरात हिंसा घेऊन आली, असंच झालं असतं. आणि त्यांना तसं वाटलं असतं तर त्यांचं काय चुकलं असतं?

मी ठरवलं, सांगायचं नाही.

"वृषाली!" बाहेरून हाक आली. "ती दुसरी पिशवी पण आण गं. ऊन हाय तवर उरकून टाकते."

आप्पांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं. पिशवी दाराशीच होती. मी ती उचलली. जड होती, जाड प्लास्टिकची, आत वाळूवर बोटभर पाणी. ती घेऊन मी अंगणात गेले. माझ्यामागून आप्पाही आले आणि दारात उभे राहिले.

"आण इकडं," सासूबाईंनी हात पुढे केले.

मी पिशवी दिली नाही. आप्पा दारातून डोळ्यांनी खुणावत होते. एवढंच म्हणायचं होतं, ही धुतलेली आहे. तीन शब्द. ते माझ्या जिभेवर आलेही होते. पण समोर त्यांचे ते पुढे केलेले हात होते. पाण्याने सुरकुतलेले, कोपरापर्यंत पांढरे. त्या हातांकडे बघून मला थाप मारता येईना.

"आई, ही धुवायची नाही."

"का?"

"हिच्यात जीव आहेत."

"कशात? पिशवीत?"

"वाळूत. त्यांनी वाळलेली पाठवायच्या ऐवजी चालू टाकीतली पाठवली. आत्ता फोन आला होता."

त्यांनी पिशवीकडे बघितलं. मग परातीकडे. त्यांना विचारायची गरज नव्हती, पण त्यांनी विचारलं. "आणि ही?"

"हीसुद्धा तीच."

आप्पा दारातून म्हणाले, "चंद्रमती, तुला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं."

"तुम्ही थांबा," त्या म्हणाल्या. मग मला, "दाखव."

मी आतून दोन पांढऱ्या बशा आणल्या. टाकीसाठी पिंपात खारं पाणी कालवून ठेवलं होतं, ते दोन्हींत घातलं. एकीत पिशवीतली चिमूटभर वाळू टाकली. आम्ही दोघी वाकून बघू लागलो. आधी काही नाही. मग एक दोऱ्याएवढी अळी वाळूतून वर आली आणि पुन्हा आत गेली. मोहरीएवढी एक गोगलगाय बशीच्या कडेला चढायला लागली. आणि पाच केस एकत्र बांधावेत तसं काहीतरी एक एक केस पुढे टाकत चालत निघालं.

"हे काय गं?"

"तारामासा. लहान आहे अजून."

"चालतंय की!" त्यांच्या आवाजात इतकं कौतुक होतं, की मला ते ऐकवेना.

मग त्यांनी स्वतःच्या हाताने परातीतली चिमूटभर वाळू दुसऱ्या बशीत टाकली आणि बघत बसल्या. वाळू पांढरीशुभ्र होती. बशीतलं पाणी थांबलं, वाळू खाली बसली. त्या बघतच होत्या.

"हलत न्हाई," बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या.

"नाही."

"गोड्या पाण्यानं?"

"हो."

"मी गाळलेलं घातलं हुतं की गं," त्या म्हणाल्या. "दोनदा गाळून घातलं हुतं."

मला रडू आलं. मी तिथेच बसून रडले, बशी हातात धरून. त्या रडल्या नाहीत. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात णमोकार मंत्र म्हटला. तो संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"ह्यांना कधी सोडायचं खाऱ्या पाण्यात?" त्यांनी पिशवी दाखवली.

"आजच. जेवढं लवकर होईल तेवढं."

"मग रडत काय बसलीस? ऊठ!"

टाकी बैठकीच्या खोलीत होती. मी आणि आप्पांनी पिंपातलं पाणी बादल्यांनी टाकीत भरलं. वाळू वरून ओतली तर सगळं पाणी ढवळून गढूळ होतं, म्हणून ती वाटीत घेऊन, वाटी पाण्याखाली तळापर्यंत नेऊन अलगद उलटी करायची. मी दोन वाट्या केल्या असतील, तर सासूबाईंनी मला बाजूला सारलं. "तू लई घाई करतीस." आणि त्या स्वतः करू लागल्या. वाटीमागून वाटी, खांद्यापर्यंत हात पाण्यात. हाताला कुठंतरी चिरलं होतं, तिथं खारं पाणी झोंबत असणार. त्या फक्त मधेच ओठ आवळायच्या.

पिशवी संपली तेव्हा त्या म्हणाल्या, "आता परातीतली आण."

"ती कशाला, आई? तिच्यात काही..."

"तुला ठाऊक हाय, एकबी ऱ्हायला नसंल म्हणून?"

"नाही. तसं सांगता येत नाही."

"मग आण."

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत गेलं. आप्पा दोनदा येऊन सांगून गेले, दिवस मावळायला आला, आधी जेवून घे. "तुम्ही घ्या वाढून," त्या मान न वळवता म्हणाल्या. परात रिकामी झाली, त्यांनी परातीच्या कडेला चिकटलेले कणही बोटाने टिपून पाण्यात सोडले, आणि बाहेर बघितलं तर अंधार पडला होता. म्हणजे आता सकाळपर्यंत पाण्याचा घोटही नाही. त्यांनी हात पुसले आणि आपल्या खोलीत गेल्या. माझ्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीही जेवले नाही. जेवण जाणारच नव्हतं. आप्पा उजेडातच एकटे जेवून बसले होते. मला बघून हळूच म्हणाले, "मी सांगितलं होतं." मी मान हलवली. संपलं सगळं, असंच मला वाटत होतं.

सकाळी सासूबाई देवळात गेल्या त्या नेहमीपेक्षा उशिरा परत आल्या. मी बैठकीत टाकीजवळ उभी होते. पाणी निवळलं होतं. आप्पा चहा पीत होते. सासूबाई आल्या, पाय धुतले, आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मी नियम घेतला. वर्षभर मीठ सोडलं."

आमच्याकडे असं करतात. हातून काही घडलं की एखादा रस सोडायचा, दूध, तूप, गोड, नाहीतर मीठ. आप्पांनी कप खाली ठेवला. "वर्षभर? अगं, एवढं कशाला? चार महिने पुरेत."

"माझं मी बघीन. तुमचं तुम्ही खावा. पर माझं अळणी येगळं करावं लागणार, आणि दोन-दोन स्वयंपाक आता माझ्यानं हुत न्हाईत." त्यांनी माझ्याकडे मानेने दाखवलं. "माझं हिनं करायचं."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. आप्पांनाही तसंच वाटलं असणार. "हिनं?" ते म्हणाले.

"व्हय, हिनं."

"पण तुझं व्रत..."

"व्रतात काय असतंय?" त्या म्हणाल्या. "पाणी गाळलं का, पीठ चाळून बघितलं का, हात धुतला का. ते बघाय मी रोज चुलीम्होरं बसणार हाय का? करणाऱ्यानं सांगितलेलं खरं धरायचं असतंय, दुसरं काय! काल तुम्ही दारात उभं ऱ्हाऊन हिला डोळं मिचकावत हुता, दिसलं न्हाई व्हय मला? तरी हिनं सांगितलं."

आप्पा कपातल्या चहाकडे बघत बसले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असं कुणी वर्गाबाहेर काढलं नसेल.

सासूबाईंनी आतून पाणी गाळायचं फडकं आणलं आणि माझ्या हातात दिलं. "दुहेरी धर," त्या म्हणाल्या. "आणि नंतर आडात उलटं करून सोड, गटारीत न्हाई." मी म्हटलं, मला माहीत आहे. त्या म्हणाल्या, माहीत असणं येगळं, करणं येगळं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या घरात चूल पेटवली. पाणी गाळलं, फडकं आडात उलटं केलं, डाळ निवडली, पीठ चाळलं. भाकरी चांगल्या झाल्या. आमटीला उकळी आली, मी डाव फिरवला, आणि लहानपणापासून आईच्या हाताला जी सवय बघितली ती माझ्याही हाताला असल्यामुळे डब्यातलं मीठ घेऊन चिमूट आत टाकली. टाकल्यावर कळलं. बाहेर ऊन उतरत होतं. दुसरी आमटी करायला वेळ नव्हता. चिमूटभरच होतं, डाळीत विरघळून गेलं होतं, आणि स्वयंपाकघरात मी एकटीच होते.

मी ताट वाढलं, त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "आई, आमटीत मीठ पडलं माझ्या हातून. सवयीनं."

आप्पांनी कपाळाला हात लावला. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग आमटीची वाटी आप्पांच्या ताटाशेजारी सरकवली, माझ्याकडून दूध मागून घेतलं, त्यात भाकरी कुस्करली आणि शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. वर मी भरलेल्या कळशीतलं तांब्याभर पाणी प्यायल्या.

हात धुऊन उठताना म्हणाल्या, "उद्या परत तूच कर."